मिटलेल्या डोळ्याचे माप

शुक्रवारी सकाळी अकराला पाच मिनिटे कमी असताना वहिनींचा फोन आला. "भावोजी, दोरी संपली," एवढेच त्या म्हणाल्या.

"म्हणजे जाळी पूर्ण झाली?"

"जाळी अर्धी झालीय. अर्ध्याहून थोडी जास्त म्हणा. पूर्ण झालीय ती दोरी."

मी वही उघडली. हिशेब माझाच होता आणि स्वच्छ होता. दोन मीटर रुंद, तीन मीटर लांब जाळी; दहा सेंटीमीटरचे घर. सरळ दोरी एकशे वीस मीटर, सहाशे गाठींना प्रत्येकी चार सेंटीमीटर धरून आणखी चोवीस, कडेसाठी दहा. एकूण एकशे चौपन्न. कारखान्याने शंभर मीटरची दोन रिळे दिली होती. सेहेचाळीस मीटर उरायला हवी होती.

"तिसरं रीळ मागितलं का?"

"मागितलं ना. तिथला स्टोअरकीपर विचारतो, दोरीला पाय फुटले का म्हणून. बाईसाहेबांच्या कानावर घालतो म्हणाला. भावोजी, आज शुक्रवार आहे."

शुक्रवार आहे हे मला सांगण्याची गरज नव्हती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ गेल्यावर त्यांनी बंद पडलेल्या एका छापखान्यामागचा हॉल भाड्याने घेतला आणि देश सोडून यावे लागलेल्या बायकांना हातच्या कसबावर नोकरी मिळवून देण्याचे काम सुरू केले. त्याला आता नऊ वर्षे झाली. मी तांत्रिक महाविद्यालयात एकतीस वर्षे यंत्रचित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर वहिनींनी मला जुंपले. मालकाला काय हवे ते कागदावर मापासह उतरवून बायकांच्या हाती देणे, हे माझे काम.

ज्या बाईची दोरी संपली होती तिला हॉलमध्ये सगळ्या जाळीवाली म्हणत. वय छत्तीस. नवरा समुद्रावर गेला तो परतला नाही. मग गावही राहिले नाही. म्हाताऱ्या सासूला घेऊन ती दोन वर्षांपूर्वी इथे आली. सासूला एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने दिसते असे ती म्हणते. दोघींच्या राहण्याच्या परवान्याची मुदत आज संपत होती. नोकरीचे पत्र चार वाजेपर्यंत कचेरीच्या खिडकीवर दिले, तर मुदत वाढणार होती. न दिल्यास सोमवारी दोघींची रवानगी सहा तासांवरच्या निर्वासितांच्या वसाहतीत. तिथून दोन वर्षांच्या आत कोणी परत आल्याचे आमच्या पाहण्यात नव्हते.

सुरक्षेच्या जाळ्या करणाऱ्या एका कारखान्याला हाताने विणणारी बाई हवी होती; जिन्यांच्या वेड्यावाकड्या पोकळ्यांना यंत्रावरची जाळी बसत नाही. व्यवस्थापक बाईंनी वहिनींना शब्द दिला होता, "नमुना आणा. पसंत पडला तर पत्र त्याच दिवशी." नमुना दाखवायची वेळ होती आज दुपारी दीड.

मी पट्टी, पेन्सिल आणि मूळ आराखडा पिशवीत टाकला आणि निघालो.

*

जाळीवालीची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होती. जिना अरुंद, कठडा सैल. वहिनी माझ्या आधी पोहोचल्या होत्या आणि पलंगाच्या कडेवर बसून पदराने वारा घेत होत्या. खिडकीच्या गजाला जाळी टांगलेली होती. टांगलेली जाळी मिटते, वेणीसारखी दिसते. तिची घरे दिसत नाहीत. सासू स्टुलावर बसून विणायची लाकडी सुई, जिच्यावर दोरी गुंडाळून घेतात ती, रिकामीच बोटांत फिरवत होती.

आणि दाराच्या खिळ्याला एक पिशवी होती. जाळीचीच, छोटी, पांढरीशुभ्र. आत परवान्याचे कागद. दोरी तीच. तीन मिलिमीटर, पांढरी, पिळाची.

माझी नजर तिथे अडकली ती सुटेना.

"ही पिशवी कधी केली?" मी विचारले.

"ह्याच आठवड्यात," जाळीवाली म्हणाली.

"कशाची?"

"उरलेल्याची."

"उरली कुठून? संपली म्हणताय ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. प्रश्नाचा अर्थ तिला उशिरा कळला, पण कळला. मान खाली गेली नाही. कान मात्र लाल झाले.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही कॉलेजात होता की पोलिसात?"

"वहिनी, कारखान्यात हाच प्रश्न विचारतील. आपण आधी विचारलेला बरा."

"विचारा की. पण आधी बसा, पाणी प्या आणि माणसासारखं विचारा."

"मास्तर, मोजा," जाळीवाली म्हणाली. तिने मिटलेल्या जाळीची वेणी उलगडून एक पदर माझ्यापुढे धरला. "सगळी मोजा. दहाच आहे."

तिने एका घराच्या समोरासमोरच्या दोन गाठी चिमटीत धरल्या आणि ताणल्या. घर मिटले, दोन दोऱ्या एकमेकींना चिकटून एक रेघ झाली. तिने ती माझ्या पट्टीवर ठेवली. एका टोकाला शून्य. दुसऱ्या टोकाला दहा.

मी ते घर तिच्या हातून घेतले, चारी बाजूंनी उघडले, चौकोन केला आणि त्याच्या एका बाजूवर पट्टी ठेवली.

पाच.

मी आणखी तीन घरे मोजली. माणूस अशा वेळी उगीच मोजत राहतो. पाच, पाच, पाच. इतक्या सारख्या गाठी मी यंत्रावरही क्वचित पाहिल्या होत्या.

घर निम्मे, म्हणजे दोरी दुप्पट आणि गाठी चौपट. दोनशे मीटर संपायलाच हवी होती. तीन आठवडे लागायलाच हवे होते. आणि ‘हिचा हात जरा जड आहे, वेळ लावते’ असे मी वहिनींजवळ दोनदा बोललो होतो.

"झालं काय?" वहिनींनी विचारले.

झाले होते ते तीन आठवड्यांपूर्वी. आराखडा देताना मी तिला समजावले होते, "ह्या एका चौकोनाला घर म्हणतात." ती हसून म्हणाली होती, "आमच्याकडे डोळा म्हणतात. डोळा मिटवून मोजतात." वहिनी लगेच म्हणाल्या होत्या, "आणि उघडा ठेवून काय करतात, मारतात?" सगळ्या बायका हसल्या, मीही हसलो. काय छान बोलतात ही माणसे, असे मनात म्हणून मी कागद तिच्या हाती दिला. ती मोजण्याची रीत सांगत होती. मी ती कविता समजलो.

पिशवीतला आराखडा काढला. त्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘घर – १० सें. मी.’ कुठून कुठपर्यंत, ते नाही. बाण नाही. एकतीस वर्षे मी पोरांना सांगत आलो, बाण नसलेले माप म्हणजे पत्ता नसलेले पत्र. त्यासाठी गुण कापले, एकाला नापासही केले. आणि इथे बाण मुद्दाम काढले नव्हते. बायकांना बाण कशाला, त्या गोंधळतील, असा माझा विचार.

घर भिंतीवरून मोजतात. डोळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. दोघांचेही दहा बरोबर होते.

मी हे सगळे वहिनींना सांगितले.

"आता असं करू," त्या म्हणाल्या. "बाईंना सांगू, मुद्दाम बारीक विणली. जास्त सुरक्षित. पोराचं डोकं काय, मूठसुद्धा जायची नाही. तुमचंही झाकलं जाईल, हिचंही भागेल."

खोटे सांगायचे नाही, असे मी लगेच म्हणालो असतो तर बरे झाले असते. मी घड्याळात पाहिले. बारा वाजून वीस मिनिटे.

"ताई," जाळीवाली म्हणाली, "मुद्दाम म्हटलं, तर त्या म्हणतील ही बाई सांगितलेलं ऐकत नाही. दोरी स्वतःच्या मनाने वापरते."

"खरंय बाई," वहिनी उठल्या. "चला. म्हातारीलाही घ्या, कागद ती सोडायची नाही."

सासूने पिशवी खिळ्यावरून काढून छातीशी धरली होती.

*

व्यवस्थापक बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांच्याआधी स्टोअरकीपरनेच आम्हाला दारात गाठले.

"या मास्तर. हिशेब तुमचाच होता ना? एकशे चौपन्न?"

"माझाच."

"मग माझी सेहेचाळीस मीटर कुठाय? आणि जाळी तर साठ टक्केच दिसतेय. बाईसाहेब, मी आधीच सांगितलं होतं, घरी माल देऊ नका म्हणून. यांची घरं कुठे, यांचे पत्ते कुठे."

जाळीवालीने जाळी आतल्या टेबलावर ठेवली. वहिनींचा हात तिच्या पाठीवर होता.

"तुमच्याकडे वजनकाटा आहे," मी म्हणालो. "दोन रिळांची दोरी भरते किती?"

"एक किलो. एकेक रीळ पाचशे ग्रॅम."

"तर मग जाळी काट्यावर ठेवा. दोरी जाळीत असेल तर वजनात दिसेल. गाठ मारल्याने दोरी हलकी होत नाही."

व्यवस्थापक बाईंनी मान हलवली. जाळी काट्यावर गेली. आकडे हलले, थांबले.

नऊशे पंचेचाळीस.

"पंचावन्न ग्रॅम कमी," स्टोअरकीपर म्हणाला. "म्हणजे अकरा मीटर. मास्तर, वजन खोटं बोलत नाही ना?"

मला पिशवी ठाऊक होती. पिशवीचे नाव काढले तर ती चोरीचा माल ठरेल की काय, या भीतीने मी ते काढले नाही. वजनाची कल्पना माझीच होती. आणि ती आमच्यावरच उलटली होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते.

म्हातारीला आपली भाषा फारशी येत नाही. पण खोलीतली शांतता कोणत्या बाजूला झुकली ते तिला कळले असावे. तिने छातीशी धरलेली पिशवी खाली घेतली. आतले कागद एकेक करून काढले, घडी मोडू न देता सुनेच्या हातात दिले, आणि रिकामी पिशवी चाचपडत काट्यावरच्या जाळीवर ठेवली.

नऊशे पंच्याण्णव.

"बघा!" स्टोअरकीपर म्हणाला. "म्हणजे घेतलीच होती!"

व्यवस्थापक बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पिशवी उचलली आणि खिडकीपाशी नेली. बराच वेळ बोटांनी फिरवत राहिल्या.

"हे सांधे कसले?"

"टोकं," जाळीवाली म्हणाली. "सुईतली दोरी संपते, तिथे टोक उरतं. कापावं लागतं. सासूबाई फेकू देत नाहीत. तुकड्याला तुकडा जोडून त्यांनी केली."

"वीतभराचा एक तुकडा नाही यात," बाई म्हणाल्या. "चोरणारा माणूस बोटभर तुकडे चोरत नाही. उरले पाच ग्रॅम."

"तुमच्या काट्यावरच लिहिलंय," मी म्हणालो, "पाच ग्रॅमचा फरक धरावा."

"ठीक. दोरीचा प्रश्न मिटला." त्यांनी पिशवी जाळीवर परत ठेवली. "नमुन्याचा मिटलेला नाही. मी दहाची जाळी मागितली होती. ही पाचची आहे. का?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. बारीक विणल्याची गोष्ट अजूनही सांगता आली असती. मी आराखडा टेबलावर ठेवला.

"चूक माझी आहे. माप कुठून कुठे घ्यायचं ते मी दाखवलं नाही. यांच्या रीतीने हे दहाच आहे. त्यांनी मला ती रीत तोंडी सांगितलीही होती. मी ऐकून घेतली, समजून घेतली नाही."

"तुमचे आणखी चार आराखडे आमच्याकडे आहेत, मास्तर," स्टोअरकीपर म्हणाला. "तेही असेच का?"

"आजच तपासून देतो," मी म्हणालो. असे वाक्य मी आयुष्यात प्रथमच बोलत होतो.

व्यवस्थापक बाई आराखड्याकडे पाहत होत्या. "तुमच्या चुकीवर मी पत्र देऊ शकत नाही. यांच्या कामावर देऊ शकते. दहाची जाळी, भिंतीवरून दहा, एक मीटर चौरस. इथे, माझ्यासमोर. मग भार लावून बघू. जमेल?"

"जमेल," जाळीवाली म्हणाली.

"दहाची पट्टी लागेल," मी घाईने म्हणालो. विणताना दोरी ज्या लाकडी पट्टीवरून फिरवतात तिच्या रुंदीवर घराची बाजू ठरते. तिच्याकडची पट्टी पाचाची होती. "एक फळी आणि करवत द्या, मी पंधरा मिनिटांत..."

सासू आणि सून एकाच वेळी काहीतरी बोलल्या. सून हसली, त्या दिवसात पहिल्यांदा.

"नको, मास्तर. दोन फेरे."

पाचाच्या पट्टीवर दोरीचे दोन फेरे म्हणजे दहाची बाजू. इतके सोपे. मी खुर्चीत बसलो.

*

स्टोअरकीपरने नवे रीळ काढून दिले आणि दोन वाजून आठ मिनिटांनी पहिली गाठ पडली. शंभर घरे. मी घड्याळ लावून पाहिले: फेरा, फेरा, सुई खालून वर, अंगठ्याखाली दाब, ओढ. पंधरा-सोळा सेकंद. सुई भरायला लागणारा वेळ वेगळा. तीनच्या आत व्हायला हवे होते. कारखान्यापासून कचेरी पंचवीस मिनिटांवर.

सासू शेजारी बसून तयार झालेली ओळ बोटांनी तपासत होती. प्रत्येक गाठीवर अंगठा, क्षणभर थांबणे, पुढे. पहिली ओळ. तिसरी. पाचवी. वहिनी पुटपुटत मोजत होत्या आणि मध्येच चुकून पुन्हा मागून धरत होत्या.

"ताई, तुम्ही मोजू नका," जाळीवाली मान वर न करता म्हणाली. "मी घाबरते."

"बरं बाई, मी भिंत बघते. भिंत छान आहे."

सातव्या ओळीत म्हातारीचा अंगठा थांबला. मागे गेला, पुन्हा त्याच गाठीवर आला. ती एक शब्द बोलली. सुनेने मान हलवली, विणत राहिली. म्हातारीने तिचे मनगट धरले.

"काय झालं?" मी विचारले.

"म्हणते, ही गाठ उलटी बसलीय. घसरेल." जाळीवालीने घड्याळाकडे पाहिले. दोन चाळीस. "ही सोडायची तर पुढच्या चार सोडाव्या लागतील."

मी गाठ पाहिली. मला तरी ती इतरांसारखीच दिसत होती. ‘राहू द्या, शंभरात एक’ असे माझ्या ओठांवर आले होते. पण सकाळपासून माझ्या ओठांवर आलेले बरेच काही चुकीचे निघाले होते.

"सोडा," मी म्हणालो.

घट्ट गाठ सुटत नाही, ती उकरावी लागते. सुईचे टोक, नख, शेवटी दात. पाच गाठी मागे, पाच पुढे. चार मिनिटे गेली. म्हातारीचा अंगठा पुन्हा त्या जागी गेला, थांबला आणि पुढे सरकला.

तीनला दोन मिनिटे असताना शेवटचे टोक मेणबत्तीवर वितळवून बंद झाले. आडवी चौकट तयार होती; जाळी तिला चारी बाजूंनी बांधली. मी खडूने मधल्या वीस गाठींच्या दोन्ही अंगांना खुणा केल्या. गाठ घसरली तर खूण सरकते. पंचवीस किलोचे वजन मध्यभागी ठेवले. दोरी करकरली. जाळी खाली आली, ताणली आणि थांबली.

दहा मिनिटे भार ठेवायचा, असा त्यांचा नियम. स्टोअरकीपरसुद्धा वाकून खुणांकडे पाहत होता. हुशार कामगार पाहतो तसे, बोलणे विसरून. जाळीवालीच्या ओठावर दोरीने कापल्याची लाल रेघ होती. ती रेघ तिने जिभेने पुसली.

व्यवस्थापक बाईंनी वजन काढायला लावले. मग एकेक खूण स्वतः तपासली. एकही सरकली नव्हती.

"तीन महिने चाचणीवर," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून, साडेआठला. पत्र टाइप होईतो, मास्तर, नवीन आराखडा. बाणांसकट."

मी चौकोन काढला, बाजूवर दोन टोकांचा बाण ओढला, वर लिहिले, १०. जाळीवालीने माझ्या हातातली पेन्सिल मागून घेतली. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिने दुसरा बाण ओढला. जरा वाकडा आला. त्यावर लिहिले, २०, आणि कंसात: मिटवून.

"कर्ण चौदा होतो," स्टोअरकीपर डोकावून म्हणाला.

"उघडा ठेवला तर," जाळीवाली म्हणाली. "मिटला की वीस."

त्याने मनात हिशेब केला. तो बरोबर निघाला असावा, कारण तो गेला आणि परत बोलला नाही. माफीही मागितली नाही.

तीन सव्वीसला आम्ही बाहेर पडलो. रिक्षात चौघे. वहिनींनी पत्र दोन्ही हातांत आडवे धरले होते, जणू त्यातून काही सांडेल. सिग्नलला रिक्षा थांबली की त्या सिग्नलला शिव्या देत. तीन बावन्नला खिडकीवर पोहोचलो. आत बसलेल्या कारकुनाने पत्र वाचले, उलटले, कोऱ्या मागच्या बाजूलाही पाहिले, पुन्हा वाचले.

"कागद?"

जाळीवालीने वहिनींच्या प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून दिले. शिक्का एकदा नीट उमटला नाही. त्याने शाईच्या पॅडवर दोनदा आपटला आणि पुन्हा मारला. खिडकीची काच खाली आली तेव्हा आमचा कागद आमच्या हातात होता.

पायऱ्यांवर बसल्यावर वहिनी म्हणाल्या, "अग, तुमची जाळीची पिशवी कुठाय?"

ती काट्यावर राहिली होती. म्हणजे विसरली नव्हती. निघताना मी स्टोअरकीपरला ती जाळीबरोबर उचलून मांडणीवर ठेवताना पाहिले होते. वजनात धरली गेली म्हणून ती कारखान्याची झाली. ते नियमाला धरूनच होते, आणि मी काही बोललो नव्हतो.

"मी जाऊन मागतो," मी उठत म्हणालो.

जाळीवालीने सासूला विचारले. म्हातारीने अंगठा तर्जनीवर चोळत थोडक्यात उत्तर दिले.

"काय म्हणतात?" वहिनींनी विचारले.

"म्हणतात, राहू द्या तिथेच. सोमवारी सून कामाला जाईल, तेव्हा बघून येईल."